कोरफड, एळिया आणि बोळ : जुन्या कागदांतील एका वनस्पतीचा विचार

जुनीं दप्तरें चाळणाऱ्यास औषधांचे कागद नवीन नाहींत. महजर, ताळेबंद, कुळांच्या याद्या यांच्या जोडीनें एखादें फाटकें पान निघतें. त्यावर मोडींत पांच-सात द्रव्यांचीं नांवें असतात, पुढें मासे-तोळे यांचीं प्रमाणें आणि शेवटीं एखादा त्रोटक शेरा. राजकीय इतिहासास त्याचा उपयोग दिसत नाहीं म्हणून आपण असे कागद बहुधा बाजूस सारतों. ते सारूं नयेत, आणि वाचावयाचे झाल्यास ते सनदेइतक्याच काळजीनें वाचावेत, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. या मताच्या मुळाशीं एक स्वतःची चूक आहे. ती प्रथम सांगणें प्रामाणिकपणाचें होईल.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं माझ्या आजोळच्या एका बाडांत बाळंतिणीस द्यावयाच्या औषधाचा एक कागद निघाला. त्यांत 'बोळ' असा शब्द होता. तो हिराबोळ कीं काळा बोळ याचा खुलासा नव्हता. त्याच सुमारास घरांत मामेबहीण बाळंतपणास आलेली होती. संस्कृत शिकविणारा मनुष्य, तेव्हां यास कळत असेल, असा घरच्या मंडळींचा समज, आणि तो समज खोडून काढण्याची बुद्धि मलाहि झाली नाहीं. मीं 'काळा बोळ' असें सांगून टाकलें. मामींनीं तो आणविला व कागदांतील प्रमाणानें उगाळून दिला. बहिणीचे दोन दिवस मुरडा आणि जुलाब यांत गेले. डॉक्टरांनीं वेळींच उपाय केल्यामुळें ती बरी झाली. मामींनीं मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. पण त्या दिवसापासून 'बोळ' हा शब्द माझ्या मनांत रुतून बसला. हिराबोळ हा एका झाडाचा डिंक. काळा बोळ म्हणजे कोरफडीच्या पानाचा आटवून वाळविलेला कडू रस. दोहोंचें नांव एक, धर्म अगदीं भिन्न. हा घोळ कसा झाला असावा याचा शोध घेतां घेतां जें हातीं लागलें तें पुढें मांडीत आहें.

(१) एक पान, दोन द्रव्यें

कोरफडीचें पान आडवें कापून पाहिलें असतां त्यांत दोन निराळीं द्रव्यें दिसतात. हिरव्या सालीच्या लगत आंतल्या बाजूस असलेल्या पेशींतून पिवळट, उग्र वासाचा, अतिशय कडू चीक पाझरतो. पानाच्या गाभ्यांत स्वच्छ, बुळबुळीत, जवळ जवळ बेचव असा गर असतो. त्यांत शेंकडा नव्याण्णवांच्या आसपास पाणी आणि थोडीं शर्करावर्गीय द्रव्यें असतात. चीक आटविला म्हणजे त्याचा काळसर तपकिरी, ठिसूळ खडा बनतो. हाच एळिया, मुसब्बर किंवा काळा बोळ. त्यांतील रेचक तत्त्व 'अलोइन' हें एडिंबरो येथील टी. व एच. स्मिथ यांनीं इ. स. १८५१ मध्यें वेगळें काढलें.

चीक रेचक व तीक्ष्ण, गर शीत व सौम्य. ग्रंथांत जेव्हां 'कुमारी' म्हटलें असेल तेव्हां यांपैकीं कोणतें द्रव्य अभिप्रेत आहे, हा पहिला प्रश्न वाचकानें स्वतःस विचारावयास पाहिजे. बाजारचा एळिया हा वाळलेला खडा असल्यामुळें तो गलबतांतून हजारों मैल जाऊं शके. ओला गर मात्र झाड जेथें उगवलें असेल तेथेंच मिळणार. एळियाचा इतिहास बहुतांशीं व्यापाराचा, आणि कुमारीचा इतिहास घरच्या परसाचा, असा भेद यामुळें आपोआप पडतो.

(२) संस्कृत ग्रंथांचा पुरावा

आपल्याकडील सर्वसाधारण समजूत अशी कीं, कोरफड ही वेदकाळापासून चालत आलेली औषधि आहे. ग्रंथांचा पुरावा या समजुतीस दुजोरा देत नाहीं. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत शेंकडों वनस्पतींचे गण दिलेले आहेत. त्यांत कोरफडीचा निर्विवाद असा निर्देश आढळत नाहीं. केवळ 'कुमारी' हा शब्द दिसला म्हणून कोरफड सिद्ध होत नाहीं, हें येथें विशेष लक्षांत ठेवावें. कोशकारांनीं हें नांव गोकर्णी, मोगऱ्याचा एक प्रकार, वांझकर्टोली, थोरली वेलची अशा अनेक वनस्पतींस लावलें आहे. अमरकोशाच्या वनौषधिवर्गांतील 'कुमारी' ही 'सहा' व 'तरणि' यांच्या पंक्तींत, फुलझाडांच्या समूहांत येते. तिला कोरफड मानणें म्हणजे पुढील काळाचा अर्थ मागील शब्दावर लादणें होय.

चित्र स्पष्ट होऊं लागतें तें मध्ययुगांत, आणि तेंहि दोन बाजूंनीं. पहिली बाजू रसशास्त्राची. सुमारें तेराव्या शतकांतील मानल्या जाणाऱ्या रसरत्नसमुच्चयासारख्या ग्रंथांत पाऱ्याची शुद्धि करतांना व धातूंचीं भस्में सिद्ध करतांना कन्येच्या, म्हणजे कोरफडीच्या, रसांत खल करण्यास सांगितलें आहे. पाऱ्याचा मलदोष गृहकन्येनें, अग्निदोष त्रिफळेनें आणि विषदोष चित्रकानें जातो, असा या शास्त्राचा संकेत आहे. दुसरी बाजू वैद्यांच्या नित्य व्यवहाराची. तेराव्या-चौदाव्या शतकांतील शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडांत कुमार्यासव येतो, आणि तो वैद्यांकडे अद्यापि चालू आहे. सोळाव्या शतकांत भावमिश्रानें भावप्रकाशाच्या गुडूच्यादिवर्गांत कुमारी, गृहकन्या, कन्या, घृतकुमारिका हीं नांवें एकत्र देऊन तिचे गुण सांगितले: भेदन करणारी, शीत, कडू, डोळ्यांस हितकर, रसायन, गुल्म, प्लीहा व यकृत् यांच्या वृद्धींत, गांठींत, भाजल्याच्या जखमेंत, फोडांत आणि त्वग्रोगांत उपयोगी. या यादींत चिकाचे आणि गराचे गुण एकाच नांवाखालीं आलेले आहेत. भेदन हा चिकाचा गुण. भाजल्यावर थंडावा देणें हें गराचें काम.

नांवांतहि अर्थ आहे. 'गृहकन्या' म्हणजे घरांत वाढणारी. उपटून दारावर टांगली तरी कित्येक महिने न सुकणारी, म्हणून नित्य तरुण, म्हणून 'कुमारी', अशी उपपत्ति लोकांत सांगतात. दृष्ट लागूं नये म्हणून दाराच्या चौकटीस कोरफड टांगण्याची चाल आपल्याकडे आजहि दिसते. हीं नांवें रानांतील वनस्पतीचीं नसून लाविलेल्या झाडाचीं आहेत, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

संग्राहकांस यांतून एक व्यावहारिक कसोटी मिळते. एखाद्या पोथीच्या पुष्पिकेंत कर्ता म्हणून प्राचीन ऋषीचें नांव असेल, आणि आंत जागोजाग कुमारीरसाच्या भावना सांगितल्या असतील, तर त्या पोथीचा काल मध्ययुगाच्या मागें नेण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. ही कसोटी एकटी निर्णायक नाहीं. प्रक्षेप सर्वत्र होतात. परंतु ती इतर प्रमाणांस पोषक ठरते.

(३) यवन 'हिंदुस्थान' म्हणतात, हिंदुस्थान मौन धरतो

आतां एक विचित्र विरोध पाहूं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत डायोस्कोरिडीझ या ग्रीक वैद्यानें औषधी द्रव्यांवरील आपल्या ग्रंथांत 'अलोए' या वनस्पतीचें वर्णन केलें आहे. ती मुख्यतः हिंदुस्थानांत होते व तिचा रस तेथून येतो, असें तो सांगतो. अरबस्तान, आशिया आणि अँड्रॉस बेट येथेंहि ती होते असेंहि लिहितो. रेचनासाठीं, जखमांवर, डोळ्यांस व मूळव्याधीवर तिचा उपयोग तो देतो. डिंक मिसळून केलेली भेसळ कशी ओळखावी हेंहि त्यानें सांगितलें आहे, त्यावरून माल किमती होता हें उघड आहे. त्याच शतकांतील प्लिनीहि उत्तम माल हिंदुस्थानाचा ठरवितो. म्हणजे यवन ज्या वस्तूस हिंदुस्थानची म्हणतात, तिच्याविषयीं आमच्या संहिता मौन धरतात. हें कसें?

उत्तर समुद्रमार्गांत आहे असें मला वाटतें. त्याच काळच्या एका ग्रीक खलाशानें लिहिलेल्या, एरिथ्रियन समुद्राच्या 'पेरिप्लस' नामक वृत्तांत एळिया निर्यात होण्याचें ठिकाण म्हणून हिंदुस्थानांतील बंदर दिलेलें नाहीं. दिलें आहे तें अरबस्तानाच्या दक्षिण किनाऱ्यावरील काने हें बंदर, आणि तेथें ऊद, म्हणजे अरबी धूप, व एळिया हा माल सांगितला आहे. त्या किनाऱ्याच्या दक्षिणेस सोकोत्रा बेट आहे. तेथील वस्ती परक्यांची असून ती अरब, हिंदी व ग्रीक यांची मिश्र आहे, असें तोच लेखक नमूद करतो. पुढें दहाव्या शतकांत अरब इतिहासकार मसऊदी अशी आख्यायिका देतो कीं, या बेटावरील एळियासाठीं ॲरिस्टॉटलच्या सल्ल्यावरून अलेक्झांडरनें तेथें ग्रीक वसविले. आख्यायिका इतिहास नव्हे. परंतु हें बेट आणि हें द्रव्य यांची सांगड किती पक्की होती हें तीवरून कळतें. सोकोत्र्याचा एळिया ज्या जातीपासून होतो ती आपली कोरफड नव्हे. तिची सख्खी म्हणावी अशी दुसरी जात आहे.

पेरिप्लसमधील 'हिंदी' वस्तीचा पुरावा आमच्या पिढीस प्रत्यक्ष पाहावयास मिळाला. सोकोत्र्यावरील होक नांवाच्या खोल गुहेंत बेल्जियन संशोधकांस इ. स. २००० च्या सुमारास शेंकडों लेख व चित्रें सांपडलीं. त्यांतील बहुसंख्य लेख ब्राह्मी लिपींत असून ते मुख्यतः इसवी सनाच्या दुसऱ्या ते पांचव्या शतकांतील आहेत. भरुकच्छ म्हणजे भडोच आणि हस्तकवप्र म्हणजे भावनगराजवळील हाथब, या ठिकाणांचे निर्देश त्यांत आहेत. हे लेख इ. स. २०१२ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. ते खलाशी व व्यापारी यांच्या नांवनिशीचे आहेत. मालाची यादी त्यांत नाहीं. तथापि पश्चिम किनाऱ्याचीं गलबतें एळियाच्या बेटावर शतकानुशतकें जात होतीं, एवढें त्यांवरून निश्चित होतें. असा माल हिंदी जहाजांतून व हिंदी मालाच्या संगतीनें रोमन बाजारांत उतरला म्हणजे तेथील वैद्यानें त्यास 'हिंदुस्थानचा' म्हणावें यांत नवल नाहीं. व्यापारांत माल ज्याच्या हातून येतो त्याच्या देशाचें नांव घेतो.

वनस्पतिशास्त्राचा अलीकडील निर्णयहि याच दिशेचा आहे. या वर्गांतील शेंकडों जातींच्या आनुवंशिक संबंधांचा अभ्यास इ. स. २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि आज जगभर लाविली जाणारी कोरफड मूळची अरबस्तानच्या द्वीपकल्पांतील असावी असा निष्कर्ष त्यांत काढलेला आहे. तात्पर्य, कोरफड ही आपल्याकडे समुद्रावरून आलेली पाहुणी. ती आली, परसांत रुजली, आणि मग घरचीच कन्या झाली. संहितांचें मौन आणि मध्ययुगांतील तिचा गौरव या दोहोंची संगति याच मार्गानें लागते.

(४) गोव्याचा साक्षीदार

महाराष्ट्र-कोंकणासंबंधीं अत्यंत मोलाची साक्ष गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याची आहे. हा इ. स. १५३४ मध्यें हिंदुस्थानांत आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीं त्याचें जाणें-येणें होतें, आणि भारतांतील औषधी द्रव्यांविषयींचे त्याचे संवाद इ. स. १५६३ (शके १४८५) मध्यें गोवें येथें छापले गेले. प्रास्ताविक संवादानंतरचा पहिलाच विषय त्यानें एळियाचा घेतला आहे. सर्वांत उत्तम माल सोकोत्र्याचा, असें तो म्हणतो. पुढें नांवें देतो: अरब, इराणी व तुर्क यांचें 'सेबार', गुजराती व दक्षिणी लोकांचें 'अरेआ', आणि समुद्रकांठच्या कोंकणी रहिवाशांचें 'कातेकोमेर'.

'सेबार' म्हणजे अरबी सब्र, त्यापासूनच मुसब्बर. 'अरेआ' म्हणजे 'ळ'चा 'र' ऐकलेला आपला एळिया. 'कातेकोमेर' हें मात्र चिंतनीय आहे. काटे आणि कोमेर, म्हणजे काटेरी कुंवार. कुमारी, कुंवार, कोमेर अशी ही उतरंड आहे, आणि मराठींतील कोरफड व कोरकांड या शब्दांतील 'कोर' हा याच मालेंतील शेवटचा मणी असावा. 'फड' तर निवडुंगाच्या संबंधानें सर्वांच्या परिचयाचा आहे. ही व्युत्पत्ति माझी आहे आणि तज्ज्ञांनीं ती पारखून घ्यावी. तथापि सोळाव्या शतकांत किनाऱ्यावर 'कुमारी'वरून आलेलें नांव ओल्या झाडास, आणि 'एळिया' हें नांव बाजारच्या खड्यास, अशी वांटणी रूढ झालेली होती, हा निष्कर्ष व्युत्पत्तीवर अवलंबून नाहीं.

ओर्त्यानें दिलेली आणखी एक माहिती माझ्या मूळ प्रश्नास थेट भिडते. येथील वैद्य एळिया आणि हिराबोळ एकत्र करून 'मोसेबार' नांवाचें औषध तयार ठेवतात. घोड्यांच्या उपचारास आणि जखमेंतील किडे मारण्यास त्याचा फार उपयोग करतात, असें तो लिहितो. घोड्यांच्या पागा ज्या देशांत गांवोगांव होत्या तेथें असें औषध घरोघरीं पोंचलें असणार. दोन्ही द्रव्यें अरबी किनाऱ्याकडून येणारीं, दोन्ही कडू, दोन्ही खड्यांच्या रूपांत, दोन्ही गंधर्व्याच्या एकाच कप्प्यांत, आणि शेवटीं एकाच डबींत मिसळलेलीं. एकास 'हिरा' व दुसऱ्यास 'काळा' असें विशेषण लावून 'बोळ' हें नांव दोघांत वांटलें गेलें, तें याच संगतीमुळें असावें. पुढें लिहिणारानें घाईंत विशेषण गाळलें, आणि तीनशें वर्षांनीं माझ्यासारख्या वाचणारानें तें चुकीचें भरलें.

ओर्त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं मलबारांत डच अधिकारी व्हान र्‍हीड यानें 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ (१६७८–१६९३) सिद्ध केला. त्यांत कोरफड मल्याळी नांवांनीं व चित्रासह आली आहे. या ग्रंथास साह्य करणारे रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तिघे कोंकणी वैद्य असून त्यांचें नागरी लिपींतील प्रशस्तिपत्र पहिल्या खंडांत छापलेलें आहे. नागरी अक्षरांच्या आरंभींच्या मुद्रणाचा तो नमुना म्हणून संग्राहकांस परिचित असेलच. पुढें इ. स. १७६८ च्या एप्रिलांत बर्मन व मिलर या दोघांनीं अवघ्या कांहीं दिवसांच्या अंतरानें या वनस्पतीस दोन निराळीं शास्त्रीय नांवें दिलीं. बर्मनचा ग्रंथ सुमारें दहा दिवस आधीं निघाला म्हणून 'अलो व्हेरा' हें त्याचें नांव टिकलें. कालनिर्णयाचें महत्त्व वनस्पतिशास्त्रांतहि किती आहे याचें हें सुंदर उदाहरण होय. एकोणिसाव्या शतकांत अरबस्तान व पूर्व आफ्रिका यांच्याकडील एळिया मुंबईस उतरून तेथून युरोपास जाई; काठेवाडांतील जाफराबादचा देशी एळियाहि प्रसिद्ध होता. तें बंदर दीर्घकाळ जंजिऱ्याच्या सिद्दीच्या ताब्यांत होतें, तेव्हां जंजिऱ्यासंबंधीं दप्तर पाहणारांनीं या जिनसेवर नजर ठेवण्यास हरकत नाहीं.

(५) अगरूचा घोटाळा

नांवांच्या गोंधळांत एक तिसरा भागीदार आहे, तो अगरु. हें आसामाकडील व पूर्वेकडील सुगंधी लांकूड. संस्कृत 'अगरु' किंवा तत्सम द्राविडी शब्द पश्चिमेकडे जातां जातां 'अलोए' या ग्रीक शब्दाशीं ध्वनिसाम्यामुळें मिसळला, आणि युरोपीय भाषांत सुगंधी लांकूड व कडू चीक या दोहोंस एकच नांव पडलें. बायबलांत सुगंधी द्रव्यांच्या संगतींत जो 'अलोए' येतो, त्याचा अर्थ पुष्कळ विद्वान् अगरूच करतात. जुन्या पोर्तुगीज वा इंग्रजी बंदरी कागदांचें भाषांतर करतांना हें न जाणल्यास अत्तराच्या मालाचें जुलाबाच्या औषधांत रूपांतर होतें. माल वजनानें हलका, किमतीनें भारी आणि पूर्वेकडून आलेला असेल तर अगरु. सोकोत्रा, मोखा वा अरबी किनारा यांचें नांव असेल तर एळिया, हा स्थूल नियम उपयोगी पडतो.

(६) आजच्या वैद्यकाचा निर्णय

औषधाचा कागद वाचणारानें आजचें ज्ञान दृष्टिआड करूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें इ. स. १९९९ मध्यें औषधी वनस्पतींवरील आपल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडांत वाळविलेला चीक आणि गर यांवर दोन स्वतंत्र प्रकरणें दिलीं, आणि आरंभीं सांगितलेल्या भेदावर शिक्कामोर्तब केलें. गराविषयीं पुरावा आशादायक पण अपुरा आहे. इ. स. २००७ च्या एका समीक्षेंत ३७१ रुग्णांवरील चार प्रयोग एकत्र पाहतां, वरवरच्या भाजल्याच्या जखमा गरानें सुमारें नऊ दिवस लवकर भरल्या असें दिसलें, परंतु इ. स. २०१२ च्या दुसऱ्या, अधिक कडक समीक्षेनें निरनिराळ्या जखमांबाबत निर्णायक पुरावा नाहीं असें ठरविलें. भावमिश्रानें सांगितलेल्या दाहशमनास अगदींच आधार नाहीं असें नव्हे, पण आधार पक्काहि नाहीं.

चिकाची गोष्ट निराळी. तो तीव्र रेचक आहे. गर्भिणी, बाळंतीण व लहान मुलें यांस तो देऊं नये, असा आजच्या वैद्यकाचा स्पष्ट इशारा आहे. अमेरिकेंत इ. स. २००२ मध्यें, सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाहीं म्हणून, वैद्याच्या चिठ्ठीवांचून विकल्या जाणाऱ्या रेचकांतून त्यास वगळण्यांत आलें. संपूर्ण पानाचा अर्क दोन वर्षें पाण्यांतून दिलेल्या उंदरांच्या आंतड्यांत अर्बुदें झाल्याचें आढळून आल्यावर, कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें त्या अर्काची गणना मनुष्यास 'संभाव्य' कर्करोगकारक अशा वर्गांत केली. म्हणून परसांतील कोरफड वरून लावावयाची झाली तरी पान कापून उभें ठेवावें, पिवळा चीक निथळूं द्यावा, साल काढून गर धुवावा. पोटांत घेण्याचा प्रश्न वैद्यास विचारावा, जुन्या कागदास विचारूं नये.

(७) विनंति

संग्राहकांस माझी विनंति तीन गोष्टींपुरती आहे. पहिली, औषधाच्या कागदाची नक्कल करतांना शब्द जसा असेल तसाच उतरावा. 'बोळ' असेल तर 'बोळ'च लिहावें, विशेषण आपल्या पदरचें घालूं नये. दुसरी, कुमारी किंवा कन्या हा शब्द आल्यास रस, गर, पान कीं खडा हें नोंदवावें, आणि जिनसेची किंमत व आलेलें ठिकाण दिलें असल्यास तेंहि उतरून घ्यावें. तिसरी, ज्या पोथ्यांच्या सूचींत 'कुमारीकल्प' किंवा तत्सम नांवें तंत्र वा पूजाविधि या सदरांत गेलीं असतील, त्या एकदां उघडून पाहाव्यात. आंत देवीऐवजीं कोरफड निघण्याचा संभव आहे. कोणाच्या संग्रहांत एळिया, मुसब्बर, कोरकांड किंवा काटेकुंवार यांचा सतराव्या शतकापूर्वींचा मराठी उल्लेख असल्यास तो त्रैमासिकाकडे अवश्य कळवावा. वर मांडलेल्या अनुमानांपैकीं एखादें त्यामुळें कोलमडलें तरी मला आनंदच होईल.

माझी मामेबहीण आतां आजी झाली आहे. तो कागद मीं जपून ठेवला आहे, आणि 'बोळ' या शब्दासमोर, मूळ अक्षरास धक्का न लावतां, वेगळ्या चिठ्ठीवर एवढेंच लिहिलें आहे: कोणता तें कागद सांगत नाहीं.